न आलेली झुळूक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, अम्मीला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते. का, ते मलाही नीट कळत नाही.

मी जेद्दात नर्स आहे. माहेर रत्नागिरीकडचं. इथून मक्का तासाभरावर, त्यामुळे झाडून सगळ्या नातेवाइकांना वाटतं की मी काब्याच्या दारातच उभी असते — दुआ कर, जमजमचं पवित्र पाणी पाठव, माझ्या गुडघ्यांसाठी काहीतरी माग. मी सगळ्यांना हो म्हणते. जिभेला हाड नसतं.

माझी मोठी बहीण, आपा, शिकागोत राहायची. भावजी आधीच गेलेले. तिथली त्यांची मशीद म्हणजे पूर्वीचं फर्निचरचं दुकान. काचांना पडदे लावलेले, तळघरात स्वयंपाक, एकाच टेबलावर हैदराबादी बिर्याणी आणि सोमाली सांबुसे. आपाचा एकुलता एक समीर बर्फावरून गाडी घसरून गेला, तेव्हा त्याला शेवटची आंघोळ घातली ती या मशिदीतल्या माणसांनी. हलीमा नावाच्या सोमाली बाईनं आपाला धरून ठेवलं होतं. कित्येक आठवडे आपाची चूल पेटली नाही, मशिदीतून डबे येत राहिले. आणि मी, सख्खी बहीण, कुठे होते? ड्युटीवर.

मग आपानं एकच गोष्ट मागितली. समीरचा उमरा, म्हणजे मक्केची छोटी यात्रा, राहून गेला होता. गेलेल्या माणसाच्या नावानं दुसऱ्यानं केला तरी चालतो. तिला स्वतःला डायलिसिस सोडून येणं शक्य नव्हतं. "तू करशील ना गो?" करते, म्हटलं. शुक्रवारी सुट्टीच आहे.

शुक्रवारी मी गेले नाही. आजारी नव्हते, बस चुकली नव्हती — तसलं काही शोधू नका. हवा छान होती, मैत्रिणी समुद्रावर निघाल्या, मीही निघाले. उकडलेले चणे खाल्ले, फोटो काढले. पुढच्या शुक्रवारी जाऊ की, समीर कुठे पळून जातोय — हो, मनात आलं ते हेच. अगदी याच शब्दांत.

शनिवारी संध्याकाळी आपाचा फोन. तिकडे सकाळ, मशिदीत बायकांचा कुराणाचा वर्ग भरलेला, आणि मला स्पीकरवर टाकलेलं. "झाला का उमरा?" सगळ्या गप्प होऊन ऐकतायत हे मला कळत होतं. झाला, म्हटलं.

इथेच थांबले असते तरी — पण थांबले नाही. काय वाटलं, असं आपानं विचारलं. आणि मी सांगितलं की काब्यासमोर समीरचं नाव घेतलं, आणि तेवढ्या गर्दीत, अंगाला अंग लागलेलं असताना, एक गार झुळूक आली. फक्त माझ्या तोंडावर. कुठून सुचलं मला हे? पलीकडे कुणीतरी रडू लागलं. "पोचला गो माझा पोरगा," आपा म्हणाली.

पुढच्या महिन्यात मी खरोखर जाऊन समीरच्या नावानं उमरा केला. नीट केला. झुळूक आली नाही. घाम आला, धक्के बसले, कुणाच्या तरी व्हीलचेअरनं घोटा सोलवटला. चला, फिटलं, म्हटलं. फिटलं?

थापेला पाय फुटले होते. आपा ती झुळूक मशिदीत सांगत राहिली. कुणाच्या घरचं माणूस गेलं की त्या घरातल्या बायका तिच्याजवळ येऊन बसायच्या, आणि ती सांगायची. मग हलीमाची मुलगी गेली. आजारानं, शाळेत जायच्या वयात. हलीमानं आपाकरवी मला उमरा करायला सांगितलं. या वेळी मी पहिल्याच सुट्टीला गेले आणि जीव ओतून केला. नंतर आपानं फोन हलीमाच्या हाती दिला. तिनं इंग्रजीत, हळूच विचारलं — माझ्या मुलीसाठी झुळूक आली का?

पुन्हा खोटं बोलायचं नाही असं मी ठरवून ठेवलं होतं. बघा केवढा प्रामाणिकपणा! नाही आली, म्हटलं.  ती थँक यू म्हणाली.

काही दिवसांनी आपानं सांगितलं, हलीमा हल्ली वर्गाला येत नाही. जुम्म्याच्या नमाजाला आलीच तर मागे भिंतीशी बसते. म्हणते, समीरचा उमरा कबूल झाला, माझ्या लेकीचाच नाही झाला. माझंच काहीतरी चुकलं असेल. आपा हे सांगताना रडत होती. एका वाक्याचं काम होतं — आपा, झुळूक आलीच नव्हती गो. पण मग आपाच्या हातून समीर दुसऱ्यांदा गेला असता, असं मी स्वतःला समजावलं. एका आईचा जीव शांत राहावा म्हणून दुसरीला जळत ठेवलं, आणि त्याला माया म्हटलं.

गेल्या वर्षी आपाही गेली. मशिदीतल्या बायकांनीच तिला आंघोळ घातली. त्यात हलीमा होती, असं कळलं. आता कुणाचं मन मोडायची भीती उरलेली नाही. हलीमाचा नंबर माझ्याकडे आहे. तिकडे सकाळ असते तेव्हा मी ड्युटीवरून घरी आलेली असते, वेळही जमते.

मी फोन केलेला नाही.