बोटीच्या टपालावरचा डाग

गिरण्यांचा संप मिटला असं अजून कुणी रीतसर सांगितलेलं नाही. माझी नोकरी मात्र व्यवस्थित मिटली. फोल्डिंग खात्यात सतरा वर्षं मी कापडावरचे डाग शोधले होते. लालबागच्या खोलीत बसून बायकोच्या धुतलेल्या लुगड्यांत खोट काढायला लागलो, तेव्हा तिने हात जोडले. दीड वर्षाने गिरगावातल्या एका निवृत्त मास्तरांकडे काम लागलं, तेव्हा माझ्यापेक्षा तीच सुटली.

मास्तरांना शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या आगबोटींच्या टपालाचा नाद. कुठलं पाकीट कुठल्या वाटेने विलायतेला गेलं, त्याला किती टपालहशील पडलं, याचा छडा लावायचा. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून शिक्के वाचायला मी.

बायको म्हणाली, “मेलेल्या माणसांची पत्रां वाचूक पगार? नि जित्यांका कोण इचारणा नाय!”

पण काम झकास. एरवी परळपलीकडे जायचा मला कंटाळा, पण आठवड्यात मी एडन, सुएझ करून आलो. पत्ते मोत्यासारख्या अक्षरात. फक्त एका पाकिटावर कुणीतरी तपकिरी शाईचा गलिच्छ फराटा ओढलेला. माझे हात शिवशिवले. मास्तर जेवायला उठले तेवढ्यात लिंबाची फोड मागून आणली, कापसाच्या बोळ्याने टिपत टिपत फराटा साफ केला. स्वतःवरच खूश झालो.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी नेमकं तेच पाकीट मागितलं. “फ्रान्सच्या मार्सेलिस बंदरावरून पत्र लवकर जाई, पण महाग. थेट बोटीने इंग्लंडच्या साउदम्प्टनवरून उशिरा, पण स्वस्त. घेतलेला दर कारकून पाकिटावर हाताने ओढून टाकी. या पाकिटाची वाट त्या आकड्यावरूनच कळेल. मोठा तपकिरी फराटा असेल बघा. वाचा.”

मी पाकीट उचललं; फराट्याची जागा स्वच्छ होती. मास्तरांना दिसत नव्हतं. कुठलाही आकडा ठोकून दिला असता तर नोकरी शाबूत राहिली असती, आणि ती मला हवी होती, फार हवी होती.

खात्यात आमची एक रीत होती. कापडात खोट सापडली की तिथे काठाला रंगीत दोरा बांधायचा, म्हणजे घेणारा फसत नाही. मी पाकिटांच्या पुडक्याला बांधलेल्या दोरीतला लाल धागा सोडवला, पाकिटाखालच्या जाड कागदाला टाचणीने लावला आणि मास्तरांचं बोट धरून त्यावर ठेवलं.

“हे काय?”

“खोट आहे, मास्तर. मीच केलेली.” मग लिंबासकट सगळं सांगून टाकलं आणि पायात चपला सरकवायला उठलो.

मास्तर बराच वेळ त्या धाग्यावरून बोट फिरवत राहिले. चेहरा उतरला होता. “तुमच्याआधी चौघे येऊन गेले,” ते म्हणाले. “प्रत्येकाने मला प्रत्येक आकडा धडाधड वाचून दाखवला. इतक्या जुन्या, फिकट शाईत एकदाही कुणी अडलं नाही.”

मी दारातच उभा होतो.

“कपाटातले सगळे अल्बम खाली काढा,” मास्तर म्हणाले. “पहिल्या पाकिटापासून पुन्हा वाचू.”