जगाच्या नकाशावर मामीची टिकली

अख्ख्या राळेगाव तालुक्यात माणसाले तोंडावरून नाही तर दंडावरून ओळखणारी बाई एकच, आणि ती माहीच मामी आहे! कॉलेजसाठी मी तिच्याकडंच राहते, म्हणून सांगते. मामी गावातली आशा वर्कर. कोणाच्या घरी लेकरू झालं की बापाच्या आधी तिले खबर, आणि मग ते शाळेत जाईपर्यंत मामी सुईचं कार्ड घेऊन त्याच्या मागं. नावं तिले धड आठवत नाहीत. "थो पोट्टा नाई का वं, दीड महिन्याच्या डोसले माह्या साडीवर मुतला, थो पोलीस भरतीत लागला!" थो पोट्टा समोरच उभा असतो, नव्या वर्दीत, कान लाल.

मागच्या साली मी एक मूर्खपणा केला. कोणत्या देशात लेकराईले लसी भेटतात आणि कुठं नाही, असा जगाचा रंगीत नकाशा तिले मोबाईलवर दाखवला. मामीनं एकेक देश बोटानं मोठा करून पाहिला. मग म्हणे, "म्हन्जे तिकडंबी घरं राह्यले वं?" दुसऱ्या दिवशी तिनं शाळेतून फाटका नकाशा आणला, भिंतीवर ठोकला, आणि जिथं लेकरं सुईविना राहिले त्या देशाले लाल टिकली! पाकिटंच्या पाकिटं संपले. आफ्रिकेचं तर कपाळ भरून गेलं. देश म्हणजे तिच्यासाठी गल्लीच. "या घरी रस्ता नाई, वरून लढाई. मायनं काय करावं?" आणि जिथं सगळं असून लोक नको म्हणतात त्या श्रीमंत देशाईवर तर डोळेच वटारते. "भरल्या ताटावून उठून राह्यले, बेशरम! अथी बाई एका डोससाठी लेकरू कडेवर घेऊन दोन कोस चालते."

मामा म्हणे, "अवं, त्याईले मराठी समजत नाई."

"तुमाले तरी कुठं समजते?"

आपल्या गावावर मात्र एकबी टिकली नव्हती. तोच तिचा तोरा.

मग आलं माह्या ताईचं लग्न, पुसदले. लोक जावयाची पत्रिका पाहतात, शेती पाहतात. मामी डावा दंड पाहते. जन्मल्याबरोबर टीबीची सुई देतात ना, तिचा गोल व्रण दिसला पाहिजे. भर मांडवात तिनं नवरदेवाच्या शेरवानीची बाही वर करायले लावली. कोपराच्या वर जाईच ना! वरमाय तडकली, "काय पाहून राह्यल्या वं? गोंदन नाई आमच्या पोराले."

"गोंदन नाई बाप्पा, व्रन पायते."

शेवटी शेरवानी उतरली, व्रण निघाला, तेव्हा कुठं मंगलाष्टकं चालू झाले. आम्ही हसून हसून मेलो.

आणि तिकडं गावात, नेमकं त्याच दिवशी, वीटभट्टीचा ट्रक ठरल्याच्या दोन दिवस आधीच आला. शेवटच्या घरचे मजूर त्यात बसून गेले, संग त्याईची दीड वर्षाची परी. तिची गोवराची दुसरी सुई दुसऱ्याच दिवशी होती. मामी वापस आली, दाराले कुलूप पाहिलं, आणि लग्नाच्या साडीतच त्या पायरीवर बसली. घरी येऊन जेवली नाही. टिकलीचं पाकीट काढलं आणि एक आपल्या गावावर चिकटवली. नकाशा जगाचा, टिकली मोठी. अर्धा महाराष्ट्र झाकला गेला.

मी म्हटलं, "मामी, एका पोट्टीसाठी पुणं-मुंबई गायब केलं तू!"

"गोवर काय मोजून येते का वं?"

सहा महिने परीच्या बापाचा फोन बंद. मामी रोज लावे. भाकरी थापता थापता विचारे, "भट्टीजवळबी कोनी आशा असन ना वं? तिच्या यादीत परीचं नाव असन का?"

मिरगाच्या पावसाआधी ट्रक वापस आला. सामान उतरायच्या आधी मामीनं परीले उतरवलं, कार्ड पाहिलं. सुई राहिलेलीच! तशीच उपकेंद्रात. नर्सबाई म्हणे, "एका लेकरासाठी पुरी शिशी फोडू? चार तासांत बाकीची फेकावी लागते."

"फोडा. नाई तं मी अथीच बसते, चार दिवस."

शिशी फुटली. परी अशी रडली की बाजाराले ऐकू गेलं. घरी आणून मामीनं नकाशावरची टिकली नखानं अलगद काढली आणि परीच्या कपाळावर लावली. परी चूप! बोटानं टिकली चाचपत बसली.

महाराष्ट्र मोकळा झाला. मामी बाकीच्या नकाशाकडं पाहत राहिली. "ह्या काढाले कोन असन वं तिकडं?"

"असतील ना मामी, तुह्यासारख्याच."

"मंग त्याईले म्हना, लग्नाले जाऊ नका."

मी हसले. ती हसली नाही. तेव्हापासून मामी एकाही लग्नाले गेली नाही. पुढच्या साली घरचे माह्यासाठी पाहणार म्हणतात. नवरदेवाचा दंड कोण पाहील, हे तिले विचारायची हिंमत मले अजून झाली नाही.