सोमवतीचे मौन आणि सईचे रडार

सई परदेशात बोट चालवायला शिकू लागली, तेव्हापासून माझा जीव टांगणीला होता. तिने व्हिडिओ कॉलवर मला परोपरीने समजावले: आजी, धुक्यात डोळ्यांना दिसत नाही, पण रडार लहरी सोडते, त्या समोरच्या बोटीवर आपटून परत येतात, किती वेळात आल्या त्यावरून अंतर कळते आणि पडद्यावर ठिपका उमटतो. मला सारे पटले. तरीही त्याच संध्याकाळी मी गंगामाईला, म्हणजे आपल्या गोदावरीला, नवस बोलले: सोमवती अमावास्येला पलीकडच्या काठावर मौनाने स्नान करीन, माझ्या नातीला सांभाळ.

सोमवतीच्या सकाळी गंगाखेडला इतके धुके होते, की होडीत समोर बसलेल्या माझ्या धाकट्या जाऊबाईंचे नाकही दिसेना. स्नान होईपर्यंत कोणी बोलायचे नव्हते. जाऊबाईंनी काठावरच नावाड्याला बजावले होते, "तू बी बोलू नको बाबा, आमचं मोडंल." नदीच्या मध्यावर मला वल्ह्यांचा आवाज दुहेरी येऊ लागला; एक आमचा, एक समोरून. ओरडावे तर सईसाठी केलेला नवस मोडतो. गप्प राहावे तर होडी आपटते. मी डोळे मिटले. माई, मला सुचत नाही, आता तूच बघ.

तेवढ्यात जाऊबाई, ज्यांचे मौन चहा उकळेपर्यंतही टिकत नाही, कडाडल्या, "अगं बया, समोर कोण हाय का?"

धुक्यातून एका बाईचे उत्तर आले, "आमी हाव! मौन हाय आमचं!"

"मग बोलायलीस कशाला?"

"तुमी इचारलं म्हणून!"

आवाज गेला आणि लगेच परतला, म्हणजे होडी अगदी जवळ होती. समोरासमोर आलेल्या बोटींनी आपापल्या उजवीकडे वळायचे, ही सईचीच शिकवण. मी जन्मात ओरडले नसेन एवढ्या मोठ्याने ओरडले, "दोघेही उजवीकडे!" होड्या घासून गेल्या. पलीकडच्या बाईचा पदर माझ्या तोंडावरून फिरला.

काठावर मी रडकुंडीला आले. "नवस मोडला," म्हणाले.

"अक्का," जाऊबाई पाण्यात उतरता उतरता म्हणाल्या, "बुडालो असतो तर कायमचंच मौन झालं असतं. माईला ते कशाला पायजे?"

मी निमूट बुडी मारली. नवस माझा होता. तो कसा पाळून घ्यायचा हे माईचे. सईला सांभाळ म्हटले, तर तिने आधी मलाच सांभाळले. सई, धुक्यात रडार लाव, भोंगाही वाजव. मी आता रोज मोठ्याने आरती म्हणण्याचा नवस बोलले आहे. जाऊबाईंना हा फारच मानवला आहे.