पोरगी सुधारली, असं मी वाचलं

फजिती कुणाची होत नाही हो? पण माझी झाली ती वाचण्यात, म्हणून सांगताना जरा जास्त झोंबतं. आमच्या सेलूच्या वाचनालयातली मराठी कपाटं मी दोनदा पालथी घातली आहेत. सरकारी कचेरीत कारकून होतो, म्हणजे अख्खी नोकरीसुद्धा वाचण्यातच गेली. नोकरी कामात गेली असं म्हणणारे कुणी वेगळे. तर अशा माणसाला एक पुस्तक धड वाचता आलं नाही! ऐका. फक्त हसताना चहा सांडू नका.

माझी नात रुची दहावीत आहे. तिला इंग्रजीत आलेल्या एका जपानी चित्रकथा-मालिकेचं वेड लागलं. माझ्या समजुतीप्रमाणे चित्रकथा म्हणजे राजा, राक्षस आणि शेवटी लग्न. पण हिच्यात नायिका कोण, तर सोळा वर्षांची एक कादंबरीकार पोरगी! अफाट हुशार आणि तितकीच विक्षिप्त. पहिला भाग रुचीनं नागपूरहून आणला. तो विज्ञानाच्या पुस्तकात घालून वाचताना माझ्या मुलानं, प्रशांतनं, तिला पकडलं.

"दहावीचं वर्ष हाय न तू चित्रं पाहून राह्यली? उद्या रद्दीत देतो!"

"पप्पा, चित्रं नाई ते. कादंबरी लिहिणाऱ्या पोरीची गोष्ट हाय!"

"मंग तं आजच देतो."

रुचीचे डोळे भरले. सून वैशाली मध्ये पडली. "मामाजीले वाचू द्या ना. ते म्हणतीन तसं करू."

प्रशांतला ते पटलं. "बाबा, वाचा तुम्ही. पोरगी बिघडन असं काई असंल, तं हे रद्दीत. अन् पुढचे भाग घरात येणार नाईत."

निवृत्त झाल्यापासून माझा शेरा कुणी मागितला नव्हता. मी ताठ बसलो. रुचीनं पुस्तक हातात दिलं, पण सोडेना.

"आबाजी, हे कसं वाचायचं ते सांगू का? जपानी लोकं ना..."

"रुचे, तुह्या बापाले बाराखडी म्या शिकवली. मले वाचणं शिकवतं काय?"

बिचारीनं पुस्तक सोडलं. इथेच माझी साडेसाती सुरू झाली!

मी पुस्तक उघडलं. कोणताही मराठी माणूस उघडतो तसंच. पहिल्या पानावर चौकटीत इंग्रजीत काहीतरी सूचना होती. सूचना मी वाचत नाही. आयुष्यभर त्या टाइप करून फलकावर लावल्या. त्या कोण वाचतं ते मला ठाऊक आहे.

पुढची गोष्ट जरा चमत्कारिक होती, कबूल. माणूस आधी उत्तर द्यायचा, मग त्याला प्रश्न विचारला जायचा. कुणी आधी पडायचं, मग पाय घसरायचा. पण मला त्याचं काय? आमच्या फायलीत सगळ्यात नवा कागद वर आणि मूळ अर्ज तळाशी. आधी 'नामंजूर' वाचायचं, मग माणसानं काय मागितलं होतं ते. मला वाटलं, जपानी लोकांचं काम मोठं पद्धतशीर आहे!

जेवताना मी निकाल दिला.

"सुरुवातीलेच पाहा, मोठमोठे प्रकाशक या पोरीसमोर जमिनीले डोकं टेकून बसले हायेत. एवढं नाव! पण उर्मट. केस कापलेले, पायात चप्पल नाई. मंग एका बुजुर्ग टीकाकाराचा चष्मा सूपच्या वाटीत बुडलेला दिसते. तं ही काय करते? सोताच्या हातानं काढते अन् त्याच्या नाकावर ठेवते! इथून तिले उपरती होते. केस वाढवते, दोन वेण्या घालते. शेवटी शाळेच्या खिडकीखाली तिचं दप्तर पडलेलं असते. ते उसळी मारून सीधं तिच्या हातात येते, अन् पोरगी चुपचाप मागच्या बाकावर जाऊन बसते. खतम."

"दप्तर कसं काय उसळी मारते?" वैशालीनं विचारलं.

"प्रतीक हाय ते," मी म्हणालो. वाचणाऱ्या माणसाला अशा वेळी हा एक शब्द पुरतो.

रुची ताटात मान घालून बसली होती. खांदे हलत होते. मला वाटलं, पोरीला गहिवरून आलं.

"म्हणजे नाव, पैसा सगळा सोडून ते शाळेत वापस येते?" प्रशांतचा घास हातातच राहिला. "बाबा, हे तं दहावीच्या सगळ्या पोराईले सक्तीचं पायजे!" आणि त्यानं जेवता जेवताच मोबाइलवरून पुढचे सगळे भाग मागवले.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी आज तुमच्यासमोर मान वर करून बसलो असतो. पण वैशालीनं ही गोष्ट पालकसभेत सांगितली. झालं! मुख्याध्यापिकाबाईंचा फोन. "काका, वाचनावर पोरांशी बोला. तेच पुस्तक घेऊन या."

रुची धावत आली. "आबाजी, नका ना जाऊ. घसा बसला ना तुमचा?"

"घसा ठणठणीत हाय."

"मंग बसवा ना जरा!"

ऐकेन तर मी कसला? सभागृह भरलेलं. प्रशांत सेवाग्रामच्या नोकरीतून अर्धी रजा टाकून पहिल्या रांगेत. मी रंगलो. चष्मा सूपमधून निघून टीकाकाराच्या नाकावर चढला, तशी मागच्या बाकांवर खसखस पिकली. मी आणखी रंगलो. दप्तर उसळी मारून खिडकीत गेलं, तेव्हा पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती. वा! विनोदी वक्ता म्हणून आपल्याला कुणी ओळखलंच नाही, असं मला वाटून गेलं. पुरावा म्हणून मी पुस्तक उघडून उंच धरलं.

बाईंनी ते हातात घेतलं. पहिल्या पानावरची चौकट वाचली. मग माइक जवळ ओढला आणि पोरांसाठी मराठीत सांगितली:

"थांबा! हे पुस्तकाचं शेवटचं पान आहे. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात. कृपया दुसऱ्या बाजूनं सुरू करा."

मी उभ्या उभ्या सगळी गोष्ट मनात उलटी फिरवली. दोन वेण्यांची शहाणी पोरगी मागच्या बाकावरून उठते. दप्तर खिडकीबाहेर भिरकावते. केस कापते. टीकाकाराच्या नाकावरचा चष्मा काढून सूपमध्ये बुडवते. आणि एवढं सगळं केल्यावर प्रकाशक तिच्यासमोर डोकं टेकतात! आणि हा आदर्श मी अख्ख्या शाळेपुढे माइकवरून ठेवला होता.

घरी येताच प्रशांत पुस्तक हातात घेऊन उभा राहिला. "रुची, तुले मालूम होतं?"

"हो."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

"आबाजीले सांगतच होती मी. मंग त्याईनं तशी गोष्ट सांगतली न तुम्ही पुढचे भाग मागवले. मंग कोण सांगते, पप्पा?"

बिनतोड! पण प्रशांतची नजर रद्दीच्या थप्पीकडे गेली आणि पोरीचा चेहरा उतरला. मी पुढे झालो. "पशा, मी पुन्हा एकदा नीट वाचतो अन्..."

"बाबा, तुम्ही राहू द्या."

मी राहू दिलं. प्रशांत पुस्तक चाळत राहिला. मग हळूच विचारलं, "हे पोरगी शाळा सोडते ते कितव्या वर्गात?"

"अकरावीत."

"म्हणजे दहावी पास हाय?"

"शाळेतून पहिली!" रुची म्हणाली.

प्रशांतनं पुस्तक मिटलं. "मंग ठीक हाय. पुस्तकं राहतीन. रोज अभ्यास झाल्यावर एक तास. पण त्या पोरीएवढे मार्क पायजे."

रुचीनं अशी उडी मारली की वैशालीच्या हातातलं ताट निसटलं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. मी उचलताच माफी मागायला लागलो.

"अहो काका, माफी कसली! वर्षभर वाचनावर भाषणं ठेवली, एक पोरगं हललं नाही. आज सकाळपासून वर्गच्या वर्ग ग्रंथालयात पुस्तकं मागतोय. पुढच्या महिन्यात पुन्हा या."

माझी छाती फुगली. आवाज भारदस्त करून मी विचारलं, "पुस्तक कोणतं घेऊ, बाई?"

"कोणतंही घ्या, काका. फक्त असंच वाचून या."