दोघांत बुटांचा एकच जोड

देवावर रुसायची वेळ माझ्यावर आली ती परक्या देशातल्या विमानतळावर. सामानाचा पट्टा फिरून फिरून थांबला, सगळ्यांच्या बॅगा आल्या, माझीच तेवढी आली नाही. तिच्यात माझे वजन उचलायचे बूट होते. उंच, कडक टाचेचे, माझ्या पायाच्या मापाचे. हे माप बीडच्या दुकानांत सोडाच, मोठ्या शहरातही सहज मिळत नाही. विद्यापीठांच्या जागतिक स्पर्धेत सर्वांत वरच्या वजनगटात मी उतरणार होतो आणि दुसऱ्याच दिवशी माझी पाळी होती.

चूक माझीच, आणि तीही आमच्याकडच्याच माणसाने करावी अशी. आमच्या प्रशिक्षक सरांनी बजावलं होतं की बूट हातातल्या पिशवीत ठेव. पण निघायच्या आधी माय नारायणगडाला देवदर्शनाला जाऊन आली आणि अंगारा नि साखरफुटाणे तिने नेमके त्याच पिशवीत ठेवले. "देवाच्या परसादाजवळ पायताण ठिवतो व्हय रं?" ती म्हणाली. मलाही ते पटलं. बूट काढून मोठ्या बॅगेत टाकले. आता साखरफुटाणे सुखरूप पोचले होते आणि बूट कुठल्या मुलखात हिंडत होते कोण जाणे! नारायणा, तुझा मान राखला त्याचं हेच फळ का, असं मी मनातल्या मनात फणफणलो. रागाच्या भरात अंगाराही लावला नाही.

सरांनी बाजार पालथा घातला, पण माझ्या मापाचा जोड मिळाला नाही. शेवटी पळायच्या बुटांवरच उभा राहिलो. त्यांचा तळ मऊ. एवढं वजन डोक्यावर घेऊन खाली बसलं की तो दबतो आणि माणूस हलतो. चिखलात उभं राहून उसाची मोळी डोक्यावर घेण्यासारखंच ते. स्नॅच म्हणजे एका दमात बार डोक्यावर नेणं. त्याला तीन संधी असतात. तिन्ही गेल्या की दोन्ही प्रकारांचं मिळून एकूण वजन धरलंच जात नाही, खेळ तिथेच संपतो. माझी पहिली संधी गेली. दुसऱ्या वेळी बार पाठीमागे पडला आणि मी पुढे. माजलगावच्या धरणाखाली आमचं गाव आहे. तिथे सगळे देवळापुढे मोबाइल लावून बसले असतील, माय सगळ्यांच्या पुढे असेल, हे मला ठाऊक होतं. त्यांना काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मागच्या खोलीत मान खाली घालून बसलो असताना कुणीतरी समोर येऊन उभं राहिलं. थंड मुलखातला एक दाढीवाला, माझ्याहूनही रुंद, आमच्याच गटातला आणि पदकाचा दावेदार. सकाळपासून मी त्याच्याकडे चोरून पाहत होतो. सराव करताना आम्ही सगळे बार धाडकन सोडत होतो, हा मात्र झोपलेलं लेकरू ठेवावं तसा खाली ठेवत होता. एवढी ताकद आणि इतकी सबुरी मी एका माणसात पाहिली नव्हती. त्याने माझ्या पायांकडे पाहिलं, मग स्वतःच्या. कण्हत खाली बसला, नाड्या सोडल्या आणि दोन्ही बूट माझ्याकडे सरकवले. मी नुसता बघत राहिलो, कारण बोर्डावर माझ्या पाठोपाठ त्याचंच नाव होतं. सर ओरडले, "आरं घाल की बे, बघतो काय!"

सवयीने मी ते बूट कपाळाला लावले. तो बिचारा लाजून हसला. बूट आतून अजून कोमट होते आणि मापाला तंतोतंत. बारापुढे गेल्यावर मी काही मागितलं नाही. तू बघ आता, एवढंच देवाला म्हटलं आणि वाकलो. त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. पायाखाली जमीन लागली, बार वर होता आणि समोर पंचांचे तिन्ही दिवे पांढरे, म्हणजे वजन मान्य.

आनंद करायला फुरसत नव्हती. त्याचं नाव पुकारलं गेलं, मिनिटभराचं घड्याळ सुरू झालं. कडेलाच तो नुसत्या मोज्यांत बसला होता. पोट मोठं, वर जाड पट्टा, त्याला घाईत वाकता येईना. मी गुडघ्यांवर बसलो, एक बूट त्याच्या पायात चढवला आणि नाडी आवळू लागलो. दुसरा त्याच्या प्रशिक्षकाने घातला. माझ्या कपाळाचा घाम त्या बुटावर पडत होता. प्रसाद कशाला म्हणावं नि पायताण कशाला, हे तेव्हा मला सांगता आलं नसतं. तो गेला आणि पहिल्याच दमात वजन उचलून आला. पुढचा सगळा खेळ आम्ही दोघांनी त्याच एका जोडावर केला.

दोघांचं माप सारखं निघालं हा योगायोगच, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालत नाही. पण जन्मभर मी माझ्या अंगातल्या बळाचा तोरा मिरवला होता. त्या दिवशी ते बळ जागच्या जागी होतं, फक्त उभं राहायला थारा नव्हता, आणि तो दुसऱ्याने दिला. तेव्हापासून बारापुढे वाकताना मी मागणं मागत नाही, नुसता हात जोडतो.

संध्याकाळी मायला फोन लावला, ती अजून देवळापुढेच होती. गावाने मोबाइलवर बुटांच्या अदलाबदलीसकट सगळं पाहिलं होतं, पण शेवटी रेंज गेली होती. मी माझा नंबर सांगायला तोंड उघडलं तोच माय म्हणाली, "तुजं मागून सांग, बाळा. आदी त्या बूट देनाऱ्या लेकराचं सांग. काय झालं त्याचं?"

"दुसरा आला, माय."

लगेच ती देवळापुढच्या लोकांना ओरडून सांगू लागली, "आवो, आपला दुसरा आला! आपला दुसरा आला!" टाळ्यांवर टाळ्या पडल्या. माझा नंबर कुणी विचारला नाही, आणि मलाही तो सांगायची आठवण राहिली नाही.