टेपवरचा खडू

भूजल मोजणाऱ्या सरकारी कार्यालयात इतकी वर्षं काढली, तरी ओल्या खडूचा वास मला अजून सरळ वाटत नाही. टेपला खडू चोळून तो विहिरीत सोडायचा आणि कुठवर भिजला ते बघायचं, हे माझं रोजचं काम.

माझ्या लहानपणची गोष्ट; लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. दुष्काळ होता. आमच्या बौद्धवाड्याच्या विहिरीत तळाशी थोडं पाणी उरलेलं. जीपमधून एक साहेब आले आणि टेपला पांढरं काहीतरी चोळून त्यांनी तो आत सोडला. टेप वर येताच आईनं धरला.

"काय कालवलं आमच्या पाण्यात?"

"खडू आहे, बाई. त्यानं काही होत नाही."

"मंग आदी तुमी प्या."

आईनं पाणी शेंदलं, तांब्या पुढं केला. उन्हानं साहेबांचे ओठ सुकले होते. त्यांनी तांब्याकडं पाहिलं, मग आमच्या घरांकडं पाहिलं.

"तहान नाही," ते म्हणाले.

"बगा, इखच हाय!" आई ओरडली. दोन दिवस वाड्यात कुणी ते पाणी प्यालं नाही.

खडूनं काही होत नाही, हे आज मला पक्कं ठाऊक आहे. साहेबांना तर ते तेव्हाही ठाऊक होतं.