खाणींच्या माळावरची नर्सबाई

माझा मुलगा कामाला आहे त्या हॉस्पिटलातली ही नर्स. सातारची. सुट्टी असली की न्यूझीलंडच्या या कोरड्या, उजाड मुलखात मला जुन्या सोन्याच्या खाणी बघायला पायी नेते. बायको गेल्यापासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. ही नाही. "काका, बूट घाला, सँडल्स चालणार नाहीत," असं दारातूनच ओरडते आणि पुढं सुटते. मागं वळून बघत नाही. तोंड मात्र अखंड चालू.

मी काठी आपटत चालतो. झुडूप दिसलं की आपटायची, जन्माची सवय.

"काका, या देशात साप नाहीत हो! किती वेळा सांगू?"

"नसतील. काठीला कुठं माहीत आहे?"

परवा ती पाय टाकणार तिथंच मी काठी आपटली, तर खालून रिकाम्या पिंपासारखा आवाज आला. मी तिला दंडाला धरून मागं ओढलं. तिनं एक धोंडा टाकला. मातीखालची कुजकी फळी मोडली आणि धोंडा आत गेला. खाली विहिरीसारखी खोल खाण. तळाचा आवाज यायला बराच वेळ लागला.

"काका, हा बघा तुमचा साप," म्हणून ती हसली. मग तिनं दगड वेचून भोकाभोवती गुडघाभर रास रचली. "मागून कोणी आलं तर?" म्हणाली.

बायको गेली तेव्हा मी नुसता बघत बसलो होतो. या पोरीला ओढता आलं. ती गेल्यापासून एका भाकरीवर उठायचो; त्या दिवशी सुनेकडून मी तिसरी भाकरी मागून घेतली.